रकाना पाचवा

लडलोच्या बाहेर, टेम नदीच्या अलीकडे
ओक आणि हेझलचा एक उतार आहे.
एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिथं
डिलिस प्रॉथरो आणि मी
गुडघे टेकून ब्लूबेल तपासतो.

तिच्या गळ्यात दोरीला भिंग,
माझ्या हातात चाप लावलेली फळी आणि फॉर्म.
मिरजेला असताना मी थुंकीच्या काचा बघायचे,
म्हणून तिनं मला निवडलं. म्हणाली,
दिसेल तेवढंच लिहायची सवय असलेलं
माणूस हवं होतं.

आधी देठ बघ.
इथली असेल तर शेंडा कललेला,
सगळ्या घंटा एकाच अंगाला,
एका बाजूची घागर उतरवलेल्या कावडीसारखा.
स्पॅनिश असेल तर ताठ,
फुलं चहूकडून, तोंडं उघडी.
मग पाकळी : नळी अरुंद,
टोकं मागे मुडपलेली, कामाला बसताना बाही सारतात तशी.
मग पान : करंगळीएवढं, की अंगठ्याहून रुंद?
मग सगळ्यात आत, भिंगाखाली, परागकोश :
सायीच्या रंगाचे तर इथली,
निळसर तर नव्हे.

रंगाच्या रकान्याशी मी अडते.
अस्मानी उथळ पडतो, मोरपिशी भडक,
जांभळा म्हणावं तर जिभेवरचा डाग आठवतो.
धोतराला चुकून जास्त झालेली नीळ
सावलीत वाळताना दिसते, तो.
डिलिस म्हणते, रंगावर विसंबू नकोस,
झाडाखाली सगळंच जास्त निळं असतं.

आणि पाऊल जपून.
पान चिरडलं की खालचा कांदा उपाशी राहतो.
बीपासून फुलापर्यंत पाच वर्षं, कधी सात.
या कांद्याच्या चिकानं म्हणे
जुन्या काळी पुस्तकांच्या पाठी चिकटवत.

पाचवा रकाना वासाचा.
तिथं ती स्वतः वाकत नाही.
तीन हिवाळ्यांपूर्वी तापात तिचं नाक गेलं.
टोस्ट करपलेला कळत नाही, गॅस कळत नाही,
आणि हाही नाही, ज्याच्यासाठी ती
तीस वर्षं वाटेत थांबायची.
'तुझं नाक दे,' म्हणते,
भिंग मागावं तसं.

मी वाकते. आहे.
'कसा?' हे फॉर्ममध्ये नाही, हे तिचं.
दाणे काढून घेतलेलं वेलचीचं साल
साखरेच्या डब्यात टाकतो ना आम्ही, मी सांगते,
आठवड्यानं झाकण उघडल्यावर येतो, तसा.
ती डोळे मिटते. बराच वेळ.
'लिही. आहे.'

कुंपणाशी, जिथं पूर्वी घर होतं
आणि आता विटांच्या चार ओळी उरल्यात,
एक झुबका वेगळाच.
देठ कललेला, पण अर्धवट.
घंटा तीन बाजूंना. पान अंगठ्याएवढं.
पराग पावडरीच्या दुधासारखे, किंचित निळे.
संकर.
'आमचं घर,' डिलिस म्हणते.
'आईनं बाग उपटली त्या वर्षी
सगळे कांदे इथून पलीकडं फेकले.
टोपली मी धरली होती.'

मला इथं येऊन एकवीस वर्षं झाली.
मूळचा, परका, संकर, असे शब्द निघाले
की माणसं माझ्याकडं बघून जरा खोकतात.
डिलिस खोकत नाही.
तिला देठाचं पडलेलं असतं.

'वास?'
मी वाकते. पुन्हा वाकते.
तेच साल, पण डबा परवाच घासलेला.
'थोडा,' मी म्हणते.
फॉर्मवर आहे आणि नाही. थोडा नाही.
ती पेन मागून घेते,
दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर
स्वतःच्या हातानं लिहिते, थोडा,
आणि खाली तारीख घालते, चुकीची, कालची.

उतरताना माझ्या बुटाखाली
एक पान कुरकुरलं.
मी काही बोलले नाही.
तिनं ऐकलं.